सहा स्क्रू, दोन सळ्या

लवू पाष्टे वाकत नाही, हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच्या हातून काही पडलं की शेजारचा माणूस आपसूक खाली वाकून उचलून द्यायचा. आजूबाजूला कोणी नसलं तर लवू चुलीकडची लांब सांडशी आणायचा आणि ताठ उभा राहून पडलेली वस्तू तिनं टिपायचा. पंगतीत सगळे खाली बसले तरी त्याच्यासाठी खुर्ची यायची. देवळात तो उभ्यानंच हात जोडायचा. कमरेला जाड पट्टा, पाठ भिंतीसारखी सरळ, आणि वय अवघं सत्तेचाळीस. नऊ वर्षं हे असं चाललं होतं, कारण लवूच्या पाठीत सहा स्क्रू आणि दोन सळ्या होत्या, आणि त्यातला एक जरी तुटला तरी पाय कायमचे जाणार होते. तसं त्याला सांगण्यात आलं होतं.

त्याआधीचा लवू वेगळा होता. रत्नागिरीजवळच्या पावसपासून गोळपच्या कातळसड्यापर्यंत हापूसच्या बागांत त्याच्यासारखा आंबेकाढा दुसरा नव्हता. जाळीचा झेला लावलेली काठी घेऊन तो कलमाच्या शेंड्यापर्यंत जायचा आणि देठाला बोटभर दांडी ठेवून आंबा असा उतरवायचा की चिकाचा थेंब सालीवर पडायचा नाही. पावसाळ्यात तो रोपांवर कलमं बांधायचा. त्यानं बांधलेल्या शंभरातली नव्वद जगायची. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवायला त्याचा खांदा पहिला. त्याच्या हाताखाली दहा-बारा गड्यांची टोळी होती आणि त्याचा धाकटा भाऊ सदू त्या टोळीतच काम शिकला होता.

२०१४ सालच्या एप्रिलात लवू पडला. फांदी वरून हिरवीगार दिसत होती, पण भिरूड किडा लागून आतून पोकळ झाली होती. ती मोडली आणि लवू वीस-बावीस फुटांवरून बागेच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या चिऱ्यांवर पाठीवर आपटला. त्याची बायको कमळा त्याच कलमाखाली आंबे निवडत होती. ती धावली. लवू डोळे उघडे ठेवून पडला होता आणि शांतपणे म्हणाला, "कमळे, माझे पाय कुठं हायेत बघ गो."

पाय होते तिथंच होते. त्याला ते लागत नव्हते, एवढंच.

रत्नागिरीच्या एका खाजगी हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. आधी त्यांनी एक स्क्रू लवूच्या तळहातावर ठेवला. करंगळीएवढा, राखाडी, हलका. "टायटॅनियम आहे, गंजत नाही," ते म्हणाले. "तुमचा एक मणका फुटलाय. त्याच्या वरच्या आणि खालच्या मणक्यांत हे बसवायचे आणि दोन बाजूंनी सळ्या टाकून सगळं बांधून घ्यायचं. हाड भरेपर्यंत वाकायचं नाही, उचलायचं नाही. नाहीतर स्क्रू सैल होतील, तुटतील." लवूनं मान हलवली. आठवड्यानं उजव्या पायाचा अंगठा हलला. पुढच्या पंधरवड्यात डावा पाय जागा झाला.

त्या दिवसांत सदूनं भावाचं जे केलं ते कोणी विसरणं शक्य नव्हतं. ऐन हंगामात तो टोळी सोडून हॉस्पिटलात राहिला. बेडपॅन देणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं त्यानं केलं. रात्रपाळीची नर्स कमळाला म्हणाली होती, "असा दीर मिळायला भाग्य लागतं." लवूला ते ऐकू गेलं होतं आणि त्याचा ऊर भरून आला होता.

घरी आल्यावर आधी काठी धरून, मग काठी सोडून तो चालायला लागला. वर्षानं, म्हणजे २०१५च्या मे महिन्यात, तिघं पुन्हा रत्नागिरीला गेले. एक्स-रे झाला. दवाखान्यात तोबा गर्दी होती. दोन तास बाकावर बसून लवूची पाठ भरून आली, तेव्हा सदूनं त्याला बाहेर नेऊन रिक्षात मागच्या सीटवर टेकवलं. "तू पड, दादा. आमी भेटतो डॉक्टरांना."

अर्ध्या तासानं दोघं बाहेर आले. कमळाचे डोळे लाल होते. सदू रस्त्याकडे बघत होता.

"काय बोलले?"

 कमळा म्हणाली, "जपायला लागेल. जन्मभर."

मग सदू म्हणाला, "सळ्या धरून हायेत, दादा. पण हाड काय नीट भरलेला नाय. झाडाचा नाव काढायचा नाय. वाकायचा नाय, उचलायचा नाय. एक स्क्रू तुटला तरी पाय जातील."

लवूनं रिक्षाच्या छताकडे पाहिलं. "परत कधी बोलावलान?"

"नको म्हणाले. परत यायची गरज नाय."

विश्वास न ठेवण्याचं कारणच नव्हतं. जी माणसं आपलं हगणंमुतणं काढतात त्यांच्या शब्दावर माणूस शंका घेत नाही.

तेव्हापासून लवू पडवीत खुर्चीवर बसला. टोळी सदूकडे गेली. झेला, आकडी, दोर हे सगळं लवूनं स्वतःच्या हातानं त्याला दिलं. कमळा काजूच्या कारखान्यात जायला लागली आणि तिच्या कामावर घर चाललं. मुलगी समीक्षा तेव्हा सात वर्षांची. ती शाळेतून धावत यायची आणि बापापासून हातभर अंतरावर पाय रोवून थांबायची, कारण आईनं तिला बजावलं होतं की बाबांच्या अंगावर उडी मारायची नाही, सळ्या मोडतील. पुढे पुढे ती धावेनाशीच झाली.

२०१८ साली भाद्रपदात लवूची आई सोनूबाई गेली. लवू थोरला मुलगा. त्यानं विस्तवाचं मडकं हातात घेतलं आणि तो तिरडीपुढे चालला. मधल्या विसाव्याला तिरडी खाली ठेवली तेव्हा तो भिकाजी गावकरांना म्हणाला, "पाच पावलं तरी मला खांदा देऊ द्या." भिकाजी गावातलं जुनं, वजनदार माणूस. त्यांनी सदूकडे पाहिलं. सदू पुढच्या बांबूला होता. तो म्हणाला, "नको, दादा. पाठ गेली तर आईला तरी बरा वाटेल काय?" लवू मागे सरला. आईला खांदा देता आला नाही हे त्यानं मग कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. पण पितृपक्ष आला की चार दिवस त्याला अन्न गोड लागत नसे.

२०२३च्या डिसेंबरात पावसच्या शाळेत तपासणीचं शिबिर भरलं. लवूचा डावा गुडघा सुजला होता, म्हणून तो गेला. कमळाचा कारखाना चालू होता, तिचा खाडा नको म्हणून तो एकटाच गेला. शिबिरात रत्नागिरीच्या हाडांच्या डॉक्टर शमिका नाचणकर होत्या. पस्तिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, जरा खाली वाका बघू. हात पायाच्या बोटांकडे न्या."

"नाय वाकायचा मला."

"दुखतं?"

"नाय. बंदी हाय. पाठीत सळ्या हायेत."

डॉक्टरबाईंनी मागे जाऊन शर्ट वर केला, पट्टा सोडला, व्रणावरून बोट फिरवलं. "किती वर्षं झाली?"

"नऊ. साडेनऊ."

"आणि पट्टा?"

"तेव्हापासूनचा. हा चौथा."

 त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "एक्स-रे काढा आणि जुनी फाइल घेऊन गुरुवारी माझ्या दवाखान्यात या. फाइल नक्की आणा."

फाइल कपाटात खालच्या कप्प्यात कमळाच्या लग्नातल्या शालूखाली होती. गुरुवारी कमळा कामावर गेल्यावर लवूनं ती सांडशीनं ओढून काढली. गुडघ्याचं दुखणं, त्यासाठी बायकोला काय सांगायचं, असं म्हणून तो एसटीनं रत्नागिरीला गेला.

डॉक्टरबाईंनी नवा एक्स-रे काचेवर लावला, मागचा दिवा पेटवला. लवूनं पहिल्यांदाच आपल्या पाठीचं आतलं रूप पाहिलं. दोन उभ्या रेघा आणि त्यांना टोचलेले सहा खिळे, लख्ख पांढरे.

"सुंदर काम केलंय सरांनी," त्या म्हणाल्या. "आता हे बघा. सळ्यांच्या आतल्या बाजूला हे जे सलग पांढरं दिसतंय ना, ते तुमचं हाड. एकसंध झालंय. कधीच."

"मग सळ्या?"

"सळ्या आहेत तशाच आहेत. पण काका, त्या जन्मभर भार घ्यायला नसतातच. फुटलेलं हलू नये म्हणून धरून ठेवायचं, हाड जुळेपर्यंत. कधीकधी हाड जुळत नाही, मग स्क्रू तुटतात, ते खरं. तुमचं जुळलं. एकदा जुळलं की भार हाड घेतं. सळी काढायची तर पुन्हा पाठ उघडावी लागते, म्हणून राहू देतात."

लवू काचेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कलमाची पट्टी."

"कसली पट्टी?"

"कलम बांधताना प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतो, बाई. जोड धरेपर्यंतच. जोड धरला की ब्लेडनं कापून टाकायची. नायतर ती सालीत रुतते आणि रोप तिथंच खुरटतो."

डॉक्टरबाईंनी त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. "खुरटलंय ते इथं. फार तर वर्षभरात सुटायला हवा होता हा. पाठीचे स्नायू नऊ वर्षं काम न मिळाल्यानं ढिले पडलेत, आणि तुमचा गुडघा त्याचंच ओझं उचलतोय." मग त्यांनी जुनी फाइल उघडली आणि पानं उलटत एका पानाशी थांबल्या. त्यांचा चेहरा बदलला.

"इथं तर लिहिलंय, काका."

"काय लिहिलान?"

त्यांनी इंग्रजीवरून बोट फिरवत मराठीत सांगितलं. "एकोणीस मे दोन हजार पंधरा. हाड पूर्ण जुळलं आहे. पट्टा बंद. वाकणं, वजन उचलणं हळूहळू सुरू करावं. पाठीचे व्यायाम शिकवावेत. झाडावर चढणं आणखी सहा महिन्यांनी, पुन्हा तपासून. आणि खाली, 'पत्नी व भावास समजावून सांगितले.'"

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. शेवटची ओळ लवूनं तिसऱ्यांदा वाचायला लावली.

"तुम्ही नव्हतात का त्या दिवशी?" डॉक्टरबाईंनी हलकेच विचारलं.

"होतो. बाहेर रिक्षात होतो."

एसटी स्टँडवर गर्दी होती. पावसची गाडी लागायची होती. लवूच्या बगलेतून एक्स-रेचं पाकीट घसरलं आणि फरशीवर पडलं. शेजारचा एक माणूस ते उचलायला वाकू लागला. लवू म्हणाला, "थांबा." त्यानं एका हातानं खांब धरला. आधी गुडघे वाकवले. मग श्वास रोखून कंबर. पाठ कुरकुरली, मांड्या थरथरल्या, कपाळावर घाम आला. तो वाट बघत होता काहीतरी तुटण्याची. काही तुटलं नाही. बोटं फरशीला लागली, पाकिटाला लागली, आणि तो तसाच खाली राहिला. "काय झालं काय, काका?" तो माणूस विचारू लागला.  त्याच्या डोळ्यांतलं पाणी थेट फरशीवर पडत होतं.

घरी न जाता तो सदू काम करत होता त्या बागेकडे गेला. मोहर फुटायचे दिवस, बागेत फवारणी चालली होती. सदू निळ्या पिंपाजवळ नळी धरून उभा होता. भावाला सड्यावरून एकटं चालत येताना पाहून तो हबकला.

"दादा? तू इथं? कोण बरोबर हाय?"

"कोण नाय." लवू जवळ आला. त्यानं पाकीट पुढे केलं नाही, आवाजही चढवला नाही. "एकोणीस मेला डॉक्टर काय बोलले होते, सदू?"

सदूनं पंप बंद केला. इंजिनाचा आवाज थांबल्यावर बाग एकदम मोकळी झाली. त्याच्या तोंडावर औषधाचे थेंब होते, ते त्यानं पुसले नाहीत.

"वैनीला विचार," तो म्हणाला.

"मी तुला विचारतोय."

"वैनीनं शपथ घातलान. तिथंच, दवाखान्याच्या जिन्यात. माझ्या पोराची. बोलली, हे त्यांना सांगितलंत तर ते उद्या झाडावर चढतील. तू चढलाच असतास, दादा."

"पुढं?"

"एक वर्षभर गप बसायचा ठरलेला. मग सांगणार होतो."

"मग?"

सदू नळीशी चाळा करत राहिला. मग मान वर करून म्हणाला, आणि हे मात्र त्यानं भावाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "पहिला वर्ष वैनीसाठी गप बसलो. पुढची सगळी माझ्यासाठी. बागायतदार मला ओळखायला लागले होते. तू आला असतास तर मी परत तुझ्या हाताखाली."

लवूला वाटलं होतं की आपण त्याला मारू. हात उचललाच नाही. तो एवढंच म्हणाला, "आईच्या वेळी तरी बोलायचा होतास. पाच पावलं मागत होतो मी."

सदूला रडू फुटलं. लवू वळून चालायला लागला. मागून सदू हाका मारत होता. लवूला त्या ऐकू येत होत्या, पण तो थांबला नाही.

दिवेलागणीच्या आधी कमळा कामावरून आली. काजूच्या तेलानं तिची बोटं कायमची काळी पडली होती. खांद्यावरची पिशवी न काढता ती पडवीत आली आणि तिला ओटीवर फाइल दिसली. लवू खुर्चीत नव्हता. तो जमिनीवर, भिंतीला टेकून बसला होता.

 मग कमळानं विचारलं, "कोणी वाचून दाखवलान?"

तेवढ्या एका प्रश्नानं लवूच्या मनात राहिलेला शेवटचा धागा तुटला. वाटेत येताना तो देवाला विनवत होता की सदू खोटं बोलत असू दे. तिच्या तोंडून 'काय वाचलं' असं आलं असतं तरी त्याला आणखी दोन घटका आशा धरता आली असती.

"बस," तो म्हणाला.

ती पिशवीसकट बसली. आत समीक्षा अभ्यास करत होती, दहावीचं वर्ष. वहीची पानं उलटण्याचा आवाज थांबला.

"मी खाली होते," कमळा म्हणाली. "तुम्ही वरून आलात ना, तेव्हा मी खाली होते. तुम्हाला फक्त पडल्याचा ठाऊक हाय. मला तो आवाज ठाऊक हाय. तीन आठवडे मी तुमच्या पायांना सुई टोचून बघायचे, लागते काय म्हणून. डॉक्टर बोलले सहा महिन्यांनी झाडावर चढू शकतात, आणि मला परत तोच आवाज ऐकू आला. बाहेर आले आणि भावोजींना बोलले, हे सांगू नका."

"मला विचारायचा होतास."

"विचारलं असतं तर तुम्ही चढला असतात."

"चढलो असतो," लवू म्हणाला. "पडलो असतो तरी माझा मी पडलो असतो."

"आणि आमी?" ती म्हणाली. "नऊ वर्षं मी ह्या हातांनी राबले. एक दिवस बोलले काय, की तुम्ही बसून खाता? तुम्हाला जपला मी."

"झाड सोड गो. झाडावर नको चढू म्हणाली असतीस, पाया पडली असतीस, कदाचित ऐकला असता. पण तू मला वाकायचा पण नाय ठेवलास. पोरगी कडेवर घेतली नाय मी. पट्टा बांधून द्यायचीस रोज सकाळी. रोज, कमळे. स्वतःच्या हातानं आवळायचीस."

 कमळा काळ्या बोटांकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "एकदा सांगितल्यावर मोडता येईना. थोडा सोडला असता तर तुम्ही सगळाच विचारला असतात."

समीक्षा दारात येऊन उभी राहिली होती. "आई," ती म्हणाली, "खरंच?" आणि आईनं मान वर केली नाही तेव्हा ती तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून लवूनं अंथरूण पडवीत घातलं. भांडण झालं नाही, शिवीगाळ झाली नाही. तो कमळाशी बोलायचा, पण कामापुरतं. पाणी आलं काय, गॅस संपला, समीक्षाची फी. तिनं वाढलेलं जेवायचा. घरात दोन माणसं पाहुण्यासारखी वागू लागली.

वाडीत गोष्ट फुटायला आठवडा लागला नाही. लवूला वाटलं होतं निदान लोक तरी आपल्या बाजूनं बोलतील. भिकाजी गावकर मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "अरे, बायकोनं जीव वाचवलान तुझा. दुसरी असती तर पुन्हा झाडावर धाडलं असतं. पाया पड तिच्या." बायका विहिरीवर कमळाचं कौतुक करायच्या, काय सोसलान बिचारीनं. लवूला उलगडेना की जगातल्या सगळ्यांना तिचं सोसणं दिसतं आणि आपलं हरवलेलं कोणालाच कसं दिसत नाही. जिवंत राहिलास ना, मग तक्रार कसली, असंच जो तो म्हणत होता.

एक समीक्षाच काही म्हणाली नाही. दर मंगळवारी ती बापाबरोबर रत्नागिरीला गेली, डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात व्यायाम शिकून आली, आणि घरी चटई घालून त्याच्याकडून ते करून घ्यायला लागली. पालथं झोपून छाती उचलायची, पाठीवर झोपून कंबर उचलायची. पहिले दोन महिने लवू दहा मोजेपर्यंत घामाघूम व्हायचा. पट्टा आधी दिवसातून तासभर सुटला, मग अर्धा दिवस, मग कायमचा.

सदू पौषात आला. टोळीतले दोन जुने गडीही त्यानं बरोबर आणले होते. "दादा, टोळी तुझी. तू सांभाळ. मी हाताखाली राहतो." झेला आणि दोर त्यानं पडवीच्या पायरीवर ठेवले.

"घेऊन जा," लवू म्हणाला.

"दादा, चुकलो मी."

"चुकलास हे ठाऊक हाय मला. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी शेंड्यावर जायला पाय राहिले नायत, सदू. ते तू परत आणून देऊ शकत नायस. दोर काय, बाजारात मिळतो."

सदू उठला. जाताना तो कमळाकडे बघून काही बोलणार होता, पण तीही आत निघून गेली. त्या दोघांचंही एकमेकांशी बोलणं तुटलं होतं, कारण सदूनं आधी तिचंच नाव सांगितलं हे तिला कळलं होतं.

शिमग्यात पालखी घरासमोर आली. ढोल वाजत होते, नाचवणारे गडी घामानं भिजले होते. मागची नऊ वर्षं लवू खुर्चीतून हात जोडायचा. या वेळी तो अंगणात उतरला आणि सगळ्यांदेखत जमिनीवर पालथा झाला, कपाळ मातीला टेकवून. उठायला त्याला वेळ लागला. कोणी हात द्यायला पुढे झालं तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. कमळा ओटी भरायचं ताट घेऊन दारात उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लवूनं ते पाहिलं. त्याला तिची दया आली, हे खोटं नाही. पण दया येणं वेगळं आणि पहिल्यासारखं तिच्याशेजारी जाऊन बसणं वेगळं. दुसरं त्याच्यानं होईना.

पावसाळ्यात त्याला भाट्याच्या बाजूला एका रोपवाटिकेत काम मिळालं. पहाटेची गाडी पकडून तो जायचा. जाताना कमळा विचारायची, "कधी येणार?" तो म्हणायचा, "येईन." पूर्वी लवू देवळापर्यंत जायचा तरी तिला सांगून जायचा. आता तो काहीच सांगत नसे. डॉक्टरबाईंकडे सहा महिन्यांनी तपासणीला गेला तेव्हाही एकटा आत गेला, दार लावून घेतलं, आणि प्रत्येक वाक्य दोनदा विचारून घेतलं.

ऑक्टोबरात भात पिकलं. घराखालचा दोन कुणग्यांचा भातशेताचा तुकडा दर वर्षी मजूर लावून कापायचे. या वर्षी लवूनं विळा घेतला. कमळानं खाडा केला आणि तीही उतरली. तो एका बांधाकडून कापत आला, ती दुसऱ्या. मध्ये पिवळं भात, खसखस विळ्यांची. दुपारपर्यंत दोघांत दोन हातांचं अंतर राहिलं. लवूची कंबर ठणकत होती. तो उभा राहिला, हात मागे टेकवले, पुन्हा वाकला.

"जरा बसा," कमळा म्हणाली.

"माझा मी बघतो."

तिनं पुन्हा विळा चालवला. उरलेलं भात दोघांनी मिळून कापलं. पेंढ्या बांधून झाल्यावर त्यातला एक भारा लवूनं गुडघ्यांवर घेतला, मग छातीपर्यंत, मग डोक्यावर. मान थरथरली. कमळानं तोंड उघडलं. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि आपला भारा उचलला.

लवू बांधावरून घराकडे निघाला, पाय जपून टाकत. मागे ती येतेय की नाही हे त्यानं वळून पाहिलं नाही.